सहा नंबरचं पाणी

दर गुरुवारी सकाळी सात वाजता आमच्या किनाऱ्यावर एक माणूस हाफ पॅन्ट घालून, खांद्याला बर्फाची पेटी लटकवून पाण्यात शिरायचा. पोहायला नव्हे. पाणी मांडीपर्यंत आलं की थांबायचा आणि पायांनी ढवळलेली वाळू खाली बसेपर्यंत बगळ्यासारखा उभा राहायचा. मग पेटीतून एक बाटली काढायची, झाकण अगदी शेवटच्या क्षणी उघडायचं, बाटली उपडी धरून कोपरापर्यंत पाण्यात घालायची आणि आत गेल्यावर लाटेच्या तोंडाकडे फिरवायची. भरली की वर दोन बोटं हवा ठेवून झाकण बंद. झाकण उघडं असताना कुणी बोललेलं त्याला चालत नसे. "थुंकी उडते," म्हणायचा. स्वतःही ओठ असे घट्ट मिटून धरायचा, जणू आई कडू औषध घेऊन मागे लागली आहे.

असं सात ठिकाणी. जेटीच्या पायऱ्यांपाशी एक नंबरचा खांब, हॉटेलसमोर दोन, आणि तसंच चालत चालत थेट काळ्या खडकांपाशी सात. सात खांब, सात बाटल्या. लोक त्या पाण्यात अंघोळ करतात, पोरं डुंबतात, म्हणून त्यात माणसाच्या पोटातले जिवाणू किती आहेत ते दर आठवड्याला बघायचं, हे त्याचं काम. किनाऱ्यावर सगळे त्याला बाटलीकाका म्हणायचे. "काका, सकाळी सकाळी बाटली?" असं कुणी ना कुणी दर गुरुवारी विचारायचंच, आणि काका दर गुरुवारी तेच उत्तर द्यायचे, "ये, घोटभर तुलाही देतो."

सव्वीस वर्षं. नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत ते बाटल्या धुवायला लागले होते. शास्त्र वगैरे काही शिकलेले नाहीत. आधीचा नमुने आणणारा माणूस आजारी पडला, ह्यांना म्हणाले, आज तू जा. ते जे गेले ते जातच राहिले.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. जेटीच्या पायऱ्यांपाशी माझं चाव्या बनवायचं दुकान आहे. बापाचं होतं, त्याच्यामागे मी चालवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाची मुलगी समुद्रात खेळून आली आणि तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. अंगानं इतकी बारीक की आम्ही तिला काडीच म्हणतो. त्यात नऊ दिवस हॉस्पिटलात सलाइनवर. डॉक्टर म्हणाला, पाणी पोटात गेलं असणार. मी शाळा नववीत सोडली, पण भांडायला शाळा लागत नाही. चौकशी करत करत प्रयोगशाळेत पोचले आणि टेबलावर हात आपटून विचारलं, की तुम्ही इथं पगार घेऊन करता काय.

कारकून घाबरून उठला. आतल्या खोलीतून ओले हात पुसत काका आले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ओरडून झालं की आत या. चपला बाहेर."

आत त्यांनी मला झाकणाच्या काचेच्या बश्या दाखवल्या. पाणी कागदापेक्षा पातळ जाळीतून गाळायचं, ती जाळी बशीत ठेवायची, बशी उबदार पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी जाळीवर निळे ठिपके उगवतात. ते मोजायचे.

"हा एक ठिपका म्हणजे एकट्या जिवाणूनं रातोरात वसवलेलं गाव," काका म्हणाले.

"आणि हा येतो कुठून?"

"पोटातून. माणूस, कुत्रं, पाखरू. जास्त करून माणूस."

"म्हणजे गू."

"सरकारी कागदात आम्ही विष्ठा लिहितो. वास तोच."

त्या दिवसापासून मी त्यांना सोडलं नाही. मिळेल तो कागद वाचला, कळला नाही तर त्यांच्याकडे घेऊन गेले. एकदा सरबताच्या बाटलीत मीच पाणी भरलं, दुपारभर दुकानात उन्हात ठेवलं आणि दिमाखात नेऊन दिलं. काकांनी बाटली उजेडात धरली. "ह्यात आता समुद्र राहिला नाही," म्हणाले. "ह्यात तुमची स्वतःची शेती आहे." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पुढच्या वेळी मी बर्फ घेऊन गेले.

मग मी मागणी लावून धरली की आकडे फायलीत कशाला, किनाऱ्यावर लावा. अकरा महिने भांडले. शेवटी पायऱ्यांपाशी एक फलक उभा राहिला: सात आकडे आणि प्रत्येकाखाली एक पत्र्याची पाटी. शंभर मिलिलिटर पाण्यात ठिपके पाचशेच्या आत असले की हिरवी, वर गेले की लाल. दर शुक्रवारी दुपारी काका स्वतः येऊन पाट्या बदलायचे.

आता माझ्या डोक्यातला किडा सांगते. दोन नंबरसमोरच्या हॉटेलचं सांडपाणी समुद्रात जातं, असं माझं ठाम मत होतं. पुरावा काही नाही. हॉटेलवाला माजोरडा होता, एवढं मला पुरेसं होतं. पण दोन नंबरची पाटी दर आठवड्याला हिरवीच. मी काकांना टोमणे मारायची, "तुमच्या बाटलीला हॉटेलचा चहा आवडतो वाटतं." ते म्हणायचे, "बाटलीत जे येतं तेच मी सांगतो. तुझ्या मनातलं मला गाळता येत नाही."

आणि एका शुक्रवारी काकांनी दोन नंबरखाली लाल पाटी लावली. एकोणीसशे.

मला काय झालं ते लपवत नाही. आनंद झाला. दोन वर्षं मी ओरडत होते आणि आज समुद्रानं साक्ष दिली होती. तासाभरात मी जुनी चादर काढून तिच्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: इथलं पाणी घाण आहे, कारण समोर बघा. ती हॉटेलच्या तोंडासमोर दोन बांबूंना बांधली. माझ्याकडे मोर्च्यासाठी घेतलेला हातातला भोंगा होता. तो घेऊन मी संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर उभी राहिले आणि येईल त्याला सांगितलं, इकडं उतरू नका, सहा नंबरला जा, तिकडं एकदम स्वच्छ आहे.

शनिवारी सकाळी पोरांचा पोहण्याचा वर्ग असतो. चौतीस पोरं. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्या शिट्टीबाई. वर्ग नेहमी दोन नंबरला व्हायचा, तिथं उथळ आहे. त्या माझ्या दुकानापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आज वर्ग रद्द करू का?"

"रद्द कशाला?" मी म्हटलं. "सहाला न्या. फलक बघा की, हिरवा आहे."

त्या चौतीस पोरांत आमची काडी होती. हॉस्पिटलातून आल्यावर दोन वर्षं तिच्या आईनं तिला पाण्याच्या जवळ जाऊ दिलं नव्हतं. माझ्या वहिनीला मीच पटवलं होतं, की आता फलक आहे, दर आठवड्याला तपासतात, मी बघते ना. हा तिचा चौथा शनिवार होता.

त्याच वेळी काका प्रयोगशाळेत बाटल्या धूत होते. आकडा येईपर्यंत उरलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवतात; शनिवारी ते ओतून बाटल्या उकळायला लावायच्या. हे मला त्यांनी नंतर सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. दोन नंबरची बाटली त्यांनी उपडी केली तर बेसिनमध्ये चिमूटभर वाळू पडली. लाट मोठी असली की थोडी वाळू बाटलीत यायचीच. पण ही काळी होती, जाड, खडकाच्या चुऱ्याची. दोन नंबरला असली वाळू नाही. तिथं पांढरी, मऊ, शिंपल्यांचा भुगा मिसळलेली. काकांनी सहा नंबरची बाटली काढली, ओतली. पांढरी वाळू.

ते स्टुलावर बसले.

त्या गुरुवारी जेटीकडचा रस्ता खणलेला होता. ऑफिसच्या गाडीनं त्यांना नेहमीच्या टोकाला न सोडता दुसऱ्या टोकाला, काळ्या खडकांपाशी सोडलं. म्हणजे ते सातवरून सुरू करून एककडे चालत आले. झाकणांवरचे आकडे मात्र ते आदल्या दिवशीच प्रयोगशाळेत लिहून ठेवायचे, आणि पेटीत बाटल्या डावीकडून एक ते सात अशा उभ्या. सव्वीस वर्षं पहिल्या खांबाला डावीकडची पहिली बाटली. त्या दिवशीही हात डावीकडेच गेला. खडकांपाशी एक नंबरची बाटली भरली, मग दोन नंबरची भरली ती सहाच्या खांबाला. मधली चार नंबरची तेवढी योग्य जागी पडली. एकोणीसशे ठिपके हॉटेलसमोरचे नव्हतेच. ते सहा नंबरचे होते.

आणि मी त्या गुरुवारी दुकान उघडताना त्यांना खडकांकडून येताना बघितलं होतं. "आज उलटे कुठून?" असं विचारलंही होतं. ते बोलले नव्हते, झाकण उघडं होतं.

काकांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना घरी फोन केला. मॅडम वाईट बाई नाहीत, पण सावध आहेत. म्हणाल्या, "वाळूवरून कोण ठरवतं? सोमवारी पुन्हा नमुने घेऊ. तोवर कुठं बोलू नका, घबराट होईल."

"सोमवारपर्यंत लोक पाण्यात आहेत, मॅडम," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

साडेदहाला ते माझ्या दुकानासमोर उभे. बसमधून उतरून पळत आले असावेत. अंगात प्रयोगशाळेचा कोट तसाच, हात अजून ओले.

"भोंगा दे," ते म्हणाले.

"काय झालं?"

"दोनचं पाणी सहाला आहे. बाटल्या उलट्या क्रमानं भरल्या मी. भोंगा दे."

मला पहिल्यांदा काय सुचावं? मला हॉटेलवाला आठवला. मी म्हटलं, "रात्रीतून बरा साक्षात्कार झाला. चहा पाजला की जेवण?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "तुझी भाची पाण्यात आहे ना आत्ता?"

माझ्या हातात अर्धी कापलेली चावी होती, ती कुठं पडली मला आजही माहीत नाही. भोंगा मीच घेतला आणि पळाले. काका मागून. वाळूत पळणं म्हणजे स्वप्नात पळण्यासारखं; पाय उचलतोय आणि माणूस आहे तिथंच. सहा नंबरला पोरं दाटीवाटीनं उभी होती, बुडी मारून तोंडात पाणी धरायचं आणि एकमेकांवर फवारायचं असा खेळ चालला होता. शिट्टीबाई हसत होत्या.

मी भोंगा तोंडाला लावला आणि माझा आवाजच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"सगळ्यांनी बाहेर या," ते म्हणाले. "सावकाश. तोंड मिटून. ह्या पाण्यात मैला आहे. काल फलकावर हिरवी पाटी लावली ती चुकून. चूक माझी आहे. बाटल्यांचे नंबर उलटे झाले. दुसऱ्या कुणाची चूक नाही, माझी आहे."

दुसऱ्या कुणाची नाही म्हणाले. मी बाजूलाच उभी होते, सहाला जा म्हणून घसा फोडलेली.

लोक बाहेर आले आणि मग सुरू झाले. एक बाप अंगावर धावून आला. कुणी म्हणालं ह्याला नोकरीवरून काढा, कुणी म्हणालं खरंच बाटली घेऊन आलाय बघा. काका ऐकत उभे राहिले आणि मधे जागा मिळेल तसं सांगत राहिले: घरी जाऊन साबणानं अंघोळ, हात धुतल्याशिवाय खायचं नाही, कान दुखला, ताप आला, पोट बिघडलं तर लगेच कळवा, पाच दिवस लक्ष ठेवा. मग खिशातून वही काढून शिट्टीबाईंना म्हणाले, "मला चौतीसच्या चौतीस पत्ते द्या."

"तुम्हाला मारतील घरी गेलात तर."

"मारतील तेव्हा मारतील. आधी पत्ते."

काडी टॉवेल गुंडाळून कुडकुडत माझ्याजवळ आली. "आत्या, मी सगळ्यात लांब फवारा मारला," ती म्हणाली. मी विचारलं, थोडं गिळलंस का. तिनं विचार केला. "थोडं नाही. बरंच."

वहिनीनं ऐकून घेतलं. भाऊ ओरडला, तिनं काही ओरडाआरडा केला नाही. काडीला अंघोळ घातली, डोकं पुसलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, मागच्या वेळी समुद्रानं केलं. ह्या वेळी तुम्ही सांगितलंत म्हणून ती तिथं गेली." मी काडीचा ओला टॉवेल उचलून दोरीवर टाकला.

दुपारपासून काकांनी घरोघर जायला सुरुवात केली. मीही गेले, घरी बसवेना. पहिल्या दोन घरांत दार तोंडावर आपटलं, तर मी बाहेरून वाजवून वाजवून भांडले. तिसऱ्या घराच्या जिन्यात काका म्हणाले, "तू खाली थांब. तू असलीस की दोन दारं जास्त बंद होतात."

मग मी खाली थांबायची आणि वर त्यांचा आवाज ऐकायची. एकच सूर, जसा दूधवाला विचारतो किती लिटर. "ताप? नाही. उलटी? नाही. पोट? कितीदा? पातळ की घट्ट?" आणि वहीत रेघ. एका घरात पोराचा बाप म्हणाला, "आमच्या घरच्या संडासाशी तुमचा काय संबंध?" काका म्हणाले, "माझी नोकरीच ती आहे. फक्त एरवी समुद्रातून फिरून येतं." आतून पोराची आजी ओरडली, "अहो, माझं विचारा की. मला तीन दिवस झालेलीच नाही." काकांनी तेही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आजीसाठी औषधाचं नाव विचारून आले.

रविवारी संध्याकाळपर्यंत काहीच नाही. चौतीसांपैकी एकाला उलटी, पण त्यानं वाढदिवसाला जाऊन केकचे चार तुकडे खाल्ले होते. दोघांचे कान दुखत होते. मला वाटलं सुटलो.

सोमवारी सकाळी भावाचा फोन. काडीचं पोट दुखतंय, दोनदा पातळ झाली.

मी पोचले तेव्हा ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तोंड पांढरं, तसंच, जसं दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात होतं. वहिनी तिच्या पायांपाशी बसली होती. मी दारातच उभी राहिले, आत जायचा धीर होईना.

काका त्या सकाळी पाण्यात होते. प्रमुख मॅडम स्वतः सोबत आल्या होत्या पुन्हा नमुने घ्यायला. ह्या वेळी झाकणं कोरी. बाटली भरायची, झाकण लावायचं, खांबावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, मॅडमनी तो पुन्हा म्हणायचा, मगच झाकणावर लिहायचा. आता ह्याच पद्धतीनं करतात, आणि काकांना लेखी ताकीद मिळाली त्या कागदाच्या खाली ही पद्धत लिहिलेली आहे. ती त्यांनीच लिहून दिली होती, स्वतःची चूक कबूल करणाऱ्या अर्जासोबत. मी त्यांना नंतर म्हटलं, वाळू बेसिनमध्ये सोडून दिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी झाकण उघडताना मी कुठलं तोंड मिटून धरलं असतं?"

बाटल्या बर्फात रवाना करून ते ओल्या पॅन्टनं सरळ भावाच्या घरी आले. काडीची जीभ बघितली, हाताच्या कातडीला चिमटा काढून सोडला, ती लगेच जागेवर गेली तेव्हा मान डोलावली. "लघवी होतेय?" होतेय. "रक्त?" नाही. "डॉक्टरला दाखवलं?" दाखवलं, साखर-मिठाचं पाणी देत राहा म्हणाला. "मग देत राहू," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. वहिनी पाणी पाजायची, काका घड्याळ बघून वहीत लिहायचे. मी चमचा धुवून आणत होते. एवढंच काम मला मिळालं आणि मी ते मन लावून केलं.

बाराला एकदा झाली, पातळ. दोनला नाही. चारलाही नाही. साडेचारला काडी उठून बसली आणि म्हणाली, "मला बिस्किट पाहिजे." वहिनी तोंडावर हात घेऊन आतल्या खोलीत गेली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. खरंच आवाज येतो.

मंगळवारी ठिपके मोजले. दोन नंबर चाळीस. सहा नंबर तेवीसशे. मॅडमनी तडक माणसं पाठवली. सहा आणि सातच्या मधे कपडे बदलायच्या खोल्या आहेत, मागे संडास. त्याचा पाइप वाळूखाली फुटलेला होता. भरती आली की सगळं समुद्रात. आणखी कितीही दिवस फुटका राहिला असता, तरी कुणी बघितलं नसतं. सगळ्यांचं लक्ष हॉटेलवर, माझ्यामुळं. संध्याकाळपर्यंत संडासांना कुलूप लागलं आणि पाइप बदलायला घेतला.

चादर मी उतरवली. हॉटेलवाला दारात उभा राहून बघत होता. "बाई, द्या, धुऊन देतो," म्हणाला. "आमच्याकडं लॉन्ड्री आहे."

"राहू दे," मी म्हटलं. "मला पुन्हा लागेल." पण घडी घातली आणि मग, जाता जाता, म्हटलं, की तुमचं पाणी चाळीस आलंय. तो म्हणाला, "माहीत होतं मला." एवढ्यावर मिटलं. ह्यापेक्षा जास्त माझ्याच्यानं होत नाही.

बुधवार पाचवा दिवस. काकांनी सकाळीच निघून तेहेतीस घरं संपवली. आता दारं आपटत नव्हती, एक बाई तर खिडकीतूनच ओरडली, "काका, घट्ट. वर यायची गरज नाही." कान दुखणाऱ्या दोघांपैकी एक शाळेत गेला होता, दुसऱ्याला थेंब चालू होते, ताप कुणालाच नाही. हॉस्पिटलात एकही पोर नाही.

चौतिसावं घर भावाचं. काडी शाळेच्या कपड्यांत केस विंचरून घेत बसली होती.

"काय मग?" काकांनी वही उघडली.

"आजोबा, तुम्ही रोज शीच विचारता," काडी म्हणाली. "अभ्यासाचं एकदा पण नाही विचारलं."

"अभ्यास दुसऱ्या खात्याकडं. माझ्याकडचं सांग."

"झाली. नेहमीसारखी."

"कितीदा?"

"एकदाच."

काकांनी रेघ मारली. मग पान उलटून पहिल्यापासून चौतीस रेघा बोटानं मोजल्या, ओठ हलवत. पुन्हा एकदा मोजल्या, ह्या वेळी शेवटाकडून सुरुवातीकडे. वही मिटली, खिशात घातली. वहिनी म्हणाली, बसा, चहा टाकते. ते "नको" म्हणाले आणि बसले.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा काका खुर्चीतच झोपले होते. मान मागे पडलेली, तोंड उघडं, बुटांतून वाळू फरशीवर सांडलेली. वहिनीनं कप टेबलावर ठेवला, वर बशी झाकली, पंखा त्यांच्याकडे वळवला. काडीला दप्तर उचलून हळूच बाहेर काढलं.

मग माझ्याकडे बघून, चार दिवसांत पहिल्यांदा सरळ बघून, ती दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, आता ओरडू नका हं."

मी तोंड उघडलंही नव्हतं. पण म्हटलं, नाही ओरडत.